ठशांवरून नाण्यांची गणती

आपल्या जिल्ह्यांत गंगाखेडावरून वाहणाऱ्या गोदावरीच्याच कांठीं, नाशिकजवळ जोगळटेंभी येथें, इ. स. १९०६ सालीं सुमारें १३,२५० चांदीचीं नाणीं सांपडलीं. तीं क्षत्रप नहपानाचीं. राजमुखाभोंवतीं ग्रीक अक्षरें आहेत. त्यांपैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली छाप पुन्हा मारली.

टांकसाळीच्या वह्या उरल्या नाहींत. मग एकंदर नाणीं किती पाडलीं, हें कसें कळावें? ग्रीक नाण्यांच्या अभ्यासकांनीं ही वाट दाखविली आहे. ठसे हातानें कोरीत. म्हणून दोन ठसे तंतोतंत जुळत नसत, आणि एकाच ठशाचीं नाणीं ओळखूं येतात. समजा, शंभर नाण्यांत चाळीस अशीं निघालीं, कीं ज्यांच्या ठशाचें दुसरें नाणें नाहीं. तर पुढील नाणें नव्या ठशाचें असण्याचा संभव शंभरांत सुमारें चाळीस. अर्थात् पुष्कळ ठसे अद्याप दृष्टीआड आहेत. अशीं एकटीं नाणीं पांचच असतीं, तर बहुतेक ठसे आपण पाहिले असें समजावें.

मात्र कोणता ठसा लवकर फुटे, कोणता दीर्घकाळ टिके. म्हणून ठशांवरून नाण्यांचा आंकडा अंदाजानेंच सांगावा. शिवाय सातकर्णीच्या छापेनें चांदी वाढली नाहीं, हेंही विसरूं नये.

पालकांसही आमची विनंती आहे: घरांत जुनें नाणें निघाल्यास तें चिंचेनें घासूं नये, सोनाराकडे आटवूं नये. कदाचित् त्या ठशाचा तोच एकटा साक्षीदार असेल.