चित्र कोणाचे, उतारा कोणाचा?

गेल्या आषाढीस एका मित्राने माझ्या मोबाइलवर एक चित्र पाठविले. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली वारकरी बाई, मागे चंद्रभागेचे वाळवंट. चित्र माझ्या मामांचे होते. मामा दुकानांच्या पाट्या रंगवितात. हे चित्र त्यांनी एका तसबिरीच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन काढले होते. कोपऱ्यातली त्यांची सही तेवढी कापलेली होती. मामा हसून म्हणाले, "विठ्ठलाच्या दारात सही कशाला लागते रे?" पण रात्री त्यांनी ते चित्र पुन्हा मागून घेऊन पाहिले. या प्रसंगामुळेच प्रस्तुत विषयाकडे मी वळलो.

संगणकावरील चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघतात आणि सर्व सारख्याच असतात. मग त्यांतील 'मूळ' कोणती? या अडचणीवर 'एनएफटी' हा उपाय पुढे आला. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. तिच्यातील मागचे पान कोणा एकट्याला गुपचूप बदलता येत नाही. या वहीत चित्राच्या नावे एकमेव अशी नोंद करतात व ती नोंद विकली जाते. मार्च २०२१ मध्ये बीपल या अमेरिकन चित्रकाराच्या अशा कृतीस ख्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलर मिळाले. पुढे अनेक देशांतील चित्रकारांनी आपली भाषा, वर्ण, लोककला यांवरील चित्रे या बाजारात मांडली.

आपल्याला हा व्यवहार सातबाऱ्याच्या दाखल्याने लवकर समजेल. शेत शेताच्या जागी असते, उतारा हातात असतो. एनएफटी घेणाऱ्याच्या हाती उतारा येतो. चित्र पुष्कळदा दुसरीकडेच साठविलेले असते आणि वहीत केवळ त्याचा पत्ता असतो. शिवाय सातबाऱ्यामागे तलाठी आहे, तक्रार ऐकणारा तहसीलदार आहे. येथे नोंद करणारा खरोखर चित्रकार आहे काय, हे वही विचारत नाही. मामांचे चित्र उद्या तिऱ्हाइताने स्वतःच्या नावे चढविले, तर ती खोटी नोंदही तितकीच पक्की राहील!

मग नोंद निरुपयोगी आहे काय? तसेही नाही. आपल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांचेच उदाहरण घेऊ. १९५४ चे त्यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र एका डॉक्टरांनी विकत घेतले आणि ते अनेक दशके ओस्लोच्या रुग्णालयात राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर मिळाले. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याचा माग स्पष्ट असला, की अस्सलपणाबद्दल शंका उरत नाही.

परंतु चित्रातील ओळख नोंदीतून येत नाही. हुसेन तान्हे असतानाच त्यांची आई वारली. मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत त्यांनी चेहरा रिकामा ठेवला. आपल्याला आईचा चेहरा आठवत नाही, असे ते सांगत. काही चित्रांवरून झालेल्या वादांनंतर व खटल्यांनंतर २००६ मध्ये त्यांनी देश सोडला, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. नागरिकत्वाची नोंद बदलली. चित्रांतला गाव बदलला नाही.

आता मामांच्या चित्राकडे वळू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राच्या हक्काचा पहिला धनी, उलट करार नसल्यास, पैसे देणारा ठरतो. म्हणजे हक्क बहुधा दुकानदाराचा. हे वाचून मी खट्टू झालो. तथापि याच कायद्याचे कलम ५७ सांगते, की हक्क दुसऱ्याकडे गेला तरी 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. पुढील प्रत्येक विक्रीत चित्रकाराला हिस्सा, हे एनएफटीचे मोठे आश्वासन होते. पण २०२३ मध्ये ओपनसी या मोठ्या बाजाराने तो हिस्सा ऐच्छिक करीत असल्याचे जाहीर केले. बाजाराचा नियम बाजार बदलू शकतो. मामांचा अधिकार तसा बदलत नाही.

तात्पर्य, नवी वही वापरण्यास हरकत नाही. मात्र तिच्यापूर्वीची साधी कामे चुकवू नयेत. चित्रावर सही व तारीख घालावी, पूर्ण चित्राचे छायाचित्र जवळ ठेवावे, आणि पैसे घेण्यापूर्वी हक्क कोणाचा हे कागदावर लिहून घ्यावे. आपल्या महाविद्यालयात चित्रे काढणारे मित्र पुष्कळ आहेत. त्यांनी एवढे तरी करावे, ही विनंती.

मामांनी परवा एक नवे चित्र पुरे केले. सही या वेळी कोपऱ्यात नाही. ती बाईच्या पदराच्या काठात, नक्षीत मिसळून घातली आहे. ती कापायची तर बाईच कापावी लागेल.