नाचणीची संचयी प्रथिने आणि जनुकीय विविधता

म्हैसूर-मंड्या परिसरात रागी, म्हणजेच महाराष्ट्रातील नाचणी, हे कोरडवाहू शेतकऱ्याचे प्रमुख अन्नधान्य होय. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. प्रथिने मात्र सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास असतात. हे प्रमाण वाणागणिक बदलते. पांढऱ्या दाण्याच्या वाणांत ते तपकिरी वाणांपेक्षा सामान्यतः अधिक आढळते.

संचयी प्रथिने म्हणजे काय?

अंकुराच्या वाढीसाठी बीजात साठविलेली प्रथिने म्हणजे संचयी प्रथिने. ऑस्बोर्न या अमेरिकी शास्त्रज्ञाने विद्राव्यतेनुसार बीजप्रथिनांचे चार गट केले : अल्ब्युमिन (पाणी), ग्लोब्युलिन (मिठाचे द्रावण), प्रोलामिन (अल्कोहोल) आणि ग्लुटेलिन (सौम्य अल्कली वा आम्ल). बहुतेक तृणधान्यांत प्रोलामिन प्रमुख असून त्यात लायसिन कमी असते. ओटमध्ये ग्लोब्युलिन व भातात ग्लुटेलिन प्रमुख, हे महत्त्वाचे अपवाद होत.

वाणाची ओळख

प्रथिने ही जनुकांची थेट निर्मिती होय. खत-पाण्याने त्यांचे प्रमाण बदलते. घडण फारशी बदलत नाही. विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने ती जेलमधून सरकविल्यास आकारमानानुसार पट्टे उमटतात. या इलेक्ट्रोफोरेसिस पद्धतीने दिसायला सारखे वाणही अनेकदा वेगळे ओळखता येतात.

मंड्याचा अनुभव

मंड्याच्या संशोधन केंद्रात लक्ष्मणय्या यांनी भारतीय व आफ्रिकी नाचणीच्या संकरातून 'इंडाफ' वाण निर्माण केले. त्यांनी उत्पादन वाढविले. करपा रोगास प्रतिकारक जीपीयू-२८ हे वाणही इंडाफ वंशातूनच आले. मात्र मोजके सुधारित वाण सर्वत्र पसरले की स्थानिक वाण मागे पडतात आणि पुढील संकरासाठी लागणारी जनुकेही त्यांच्यासोबत नष्ट होण्याचा धोका असतो.

आर्थिक व कायदेशीर बाजू

मळणीनंतर वाणांतील भेद नजरेने ओळखणे कठीण होते. ओळख पटली नाही तर सकस वाणाला वेगळा भाव मिळत नाही आणि ते जपणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला मिळत नाही. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार नव्या वाणाच्या नोंदणीसाठी नावीन्य, वेगळेपणा, एकसारखेपणा व स्थैर्य हे निकष आहेत. शेतकऱ्यांच्या वाणांना नावीन्याची अट नाही. संरक्षित वाणाचे बियाणेही शेतकरी राखू, पेरू, देवाणघेवाण करू वा विकू शकतो; फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. नोंदणीची कसोटी मुख्यतः शेतातील लक्षणांवर होते; प्रथिनपट्टे तिला पूरक पुरावा देऊ शकतात.

थोडक्यात, जनुकीय विविधता ही सार्वजनिक संपत्ती होय. तिचे जतन शेतकरी करतो, लाभ सर्वांना मिळतो. म्हणून जतनाचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य नाही आणि शहाणपणाचेही नाही.