सर्व्हर सुरू होता होता अडकतो तेव्हा

दुकान चिखलीत असले तरी त्याची वेबसाइट ज्या संगणकावर चालते तो मुंबईत असतो, कधी परदेशात. तोही अख्खा आपला नसतो. एका गोदामात पडद्या घालून गाळे पाडावेत, तसे एका संगणकाचे भाग पाडून भाड्याने देतात. यालाच व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात.

लग्नसराईत असा सर्व्हर रीस्टार्ट केला आणि अपाचे सुरूच होईना, तर ऑर्डरी बंद. चुकीचा संदेश नाही, लॉग कोरा. व्यापारी बंधू घाबरून मोठा प्लॅन घेऊन बसतात. आमचे सांगणे असे की, पैसे भरण्याआधी प्रोसेसर किती वापरात आहे ते पाहावे. वापर शून्याजवळ असेल तर सर्व्हरला ताकद कमी पडत नाही, तो कशाची तरी वाट पाहत आहे.

कशाची? सुरक्षित व्यवहाराच्या किल्ल्यांसाठी अंदाज न बांधता येणारे आकडे लागतात. लिनक्स ते कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क यांच्या अनियमित हालचालींतून गोळा करते. भाड्याच्या गाळ्यात कीबोर्डच नाही, आणि नुकत्याच चालू झालेल्या यंत्रात हालचालही थोडी. जुन्या लिनक्समध्ये 'डेव्ह-रँडम'कडे मागणी केली की साठा पुरेसा होईपर्यंत मागणाऱ्याला ताटकळत ठेवले जाई. म्हणूनच काही वेळा दहा-वीस मिनिटांनी सर्व्हर आपोआप सुरू होतो आणि लोक म्हणतात, नशीब!

साठ्याचा आकडा 'एन्ट्रॉपी-अव्हेल' या फाइलीत दिसतो. जुन्या कर्नेलमध्ये तो 4096 पर्यंत जातो. शंभर-दोनशेच्या आत असेल तर रोग सापडला. 2022 पासूनच्या नव्या कर्नेलमध्ये मात्र तो 256 वरच थांबतो, त्यावरून घाबरू नये.

उपाय स्वस्त आहे. अपाचेच्या सेटिंगमध्ये 'एसएसएल-रँडम-सीड'च्या ओळीत 'डेव्ह-रँडम'ऐवजी 'डेव्ह-यूरँडम' लिहावे. ते थांबवून ठेवत नाही. होस्टिंगवाल्याकडे 'व्हर्टआयओ-आरएनजी'ची सोय मागावी, म्हणजे मूळ यंत्राचा साठा आपल्या गाळ्यालाही मिळतो. लिनक्स 5.6 पासून (2020) ही अडवणूक जवळजवळ संपली. पण सेंटओएस 7 चे कर्नेल 3.10 चे, आणि त्याची दुरुस्ती 30 जून 2024 रोजी बंद झाली. त्यावर दुकान असेल त्यांनी ते हलवावेच.

आणखी एक साधे कारण असते. सर्टिफिकेटच्या किल्लीला पासवर्ड लावलेला असेल, तर अपाचे सुरू होताना तो विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते. लॉग कोरा दिसला तर आधी हेच विचारून घ्यावे.