एका शब्दासाठी एक अक्षर : ऌ

म्हसवड, म्हैस, म्हातारा हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. आरंभीचा 'म्ह' आपण एका झटक्यात उच्चारतो. पण वर्णमालेत त्याला स्वतंत्र अक्षर नाही. म आणि ह जोडून काम भागवावे लागते. 'ऌ'ची स्थिती नेमकी उलट आहे. ऋच्या शेजारी स्वरांत त्याला जागा आहे, पण मराठीत त्याचा नेहमीचा शब्द एकच : कॢप्ती, म्हणजे युक्ती. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निश्चित केलेल्या वर्णमालेतही ऌ आहे. एका शब्दासाठी ही जागा का राखावी?

प्रथम, लसारखा वाटणारा हा वर्ण स्वर कसा, ते पाहू. अ न मिळवता 'प्' लांबवून पाहा. मिटलेले ओठ हवा अडवतात. ध्वनी लांबत नाही. आता जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून 'ल्' म्हणा व तसेच धरून ठेवा. गळ्यावर बोट ठेवल्यास स्वरतंतूंचे कंपन जाणवेल. जिभेच्या बाजूंनी हवा वाहत राहते, म्हणून श्वास पुरेपर्यंत नाद टिकतो. असा नाद अ, इ यांच्या मदतीवाचून स्वराचे काम करू शकतो. चेक भाषेत लांडग्याला 'व्ल्क' म्हणतात. त्यात ल् हाच स्वराचे काम करतो. संस्कृत 'वृक' हा त्याचाच भाऊबंद. तेथे लच्या जागी ऋ आहे.

र आणि ल यांची अशीच अदलाबदल आपल्या शब्दातही आहे. पाणिनीने मूळ धातू 'कृप्' मानला आणि त्यातील रच्या जागी ल येतो असे सांगितले. म्हणजे ऋचा ऌ झाला. ऋचा विस्तार होतो 'अर्' : स्मृती, स्मरण. तसाच ऌचा होतो 'अल्' : कॢप्ती, कल्पना. कल्पक, संकल्प, विकल्प हे शब्दही याच घरातले!

पुष्कळदा हा शब्द 'क्लृप्ती' असा, म्हणजे लला ऋ जोडून, छापलेला आढळतो. त्यामुळे नसलेला ऋ शब्दात शिरतो आणि कल्पनेशी असलेले नाते झाकले जाते. खरे रूप म्हणजे कच्या पायाशी लहानसा ऌ. संगणकाच्या युनिकोड लिपिसंचातही या खुणेला वेगळी जागा आहे. तेव्हा हे अक्षर अडगळ नव्हे. शब्दाचे कूळ सांगणारी ती खूण आहे.

आता तुम्हीच शोधा : वृष्टी आणि वृद्धी यांच्या घरातले 'अर्' असलेले शब्द कोणते?