तुला म्हणून सांगते: गॅदरिंगच्या गाण्यांचं

शुभे, सांस्कृतिक विभाग तुझ्या गळ्यात पडला म्हणे! नवी बाई रुजू झाली की मुख्याध्यापकांना तिच्यात हटकून नृत्यदिग्दर्शिका दिसते, तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस. रांगोळी, बक्षीस समारंभ, पाहुण्यांचं शाल-श्रीफळ हे सगळं पार पडतंच गं. डोकं खातात ती गाणी. पडदा उघडतो, दुसरीतल्या पोरी कंबर हलवायला लागतात, आयाबाबा मोबाइल उंचावून शूटिंग करतात आणि मागे उभ्या बायका एकमेकींकडे बघतात, की हे गाणं पास केलं कुणी? यंदा सगळ्यांची बोटं तुझ्याकडे वळणार, म्हणून फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा नीट लिहूनच टाकते.

सगळ्यांचा एक लाडका समज असतो. गाण्यात शिवी नाही, अचकट-विचकट शब्द नाही, म्हणजे ते शाळेत चालतं. दादा कोंडक्यांचं ‘ढगाला लागली कळं’ घे. ढग आहे, पाऊस आहे, थेंब आहेत. दुर्बीण लावून शोधलंस तरी एक आक्षेपार्ह शब्द सापडायचा नाही. पाऊसगाणं म्हणून पहिली-दुसरीच्या हातात रंगीत छत्र्या देऊन ते बसवलेलं मी पाहिलंय. आता दादांच्या गाण्यात ढग म्हणजे फक्त ढगच असतो, असं मानणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात मिळेल का? पुढच्या रांगेतले काका गालातल्या गालात हसत होते आणि पोरांना वाटत होतं, आपला नाच आवडला. दादांना मी दोष देत नाही. त्यांचा धंदा उघड होता, प्रेक्षक मोठे होते. पण मुलांच्या तोंडून, त्यांना पत्ता लागू न देता, मोठ्यांनी आपली चावट करमणूक करून घ्यायची हे मला अजिबात पटत नाही.

तेव्हा गाणं हातात आलं की आधी विचार: कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, आणि ऐकणाऱ्याने त्या म्हणणाऱ्याकडे कसं बघावं अशी अपेक्षा आहे? ‘दबंग 2’ मधलं 2012 सालचं ते फेविकॉलचं गाणं आठव. ठेका असा की बसल्या जागी पाय हलतात. आणि त्यातली बाई स्वतःला तंदुरी कोंबडी म्हणवून घेते, वर दारूबरोबर गिळून टाक म्हणते. हे आठ वर्षांच्या मुलीने टाळ्यांच्या गजरात म्हणायचं? शब्दाला शब्द काढून बघितलंस तर पुन्हा तेच, शिवी एकही नाही.

समितीत कुणीतरी हमखास म्हणेल, ‘हिंदी नको, मराठीच घेऊ, म्हणजे सोज्वळ राहील.’ त्यांना गोडीत सांग की ‘अग्निपथ’मधली ‘चिकनी चमेली’ ज्या चालीवर उभी आहे ती अजय-अतुल यांनी आधी 2006 सालच्या ‘जत्रा’साठी केलेली ‘कोंबडी पळाली’चीच चाल आहे. भाषा बदलल्याने गाण्याचं वय बदलत नाही. दुसरं कुणी म्हणेल, पिक्चर तर मुलांनीही बघितलाय, सेन्सॉरने पास केलाय. अगं, ते प्रमाणपत्र अख्ख्या चित्रपटाला असतं, आणि तेही घरच्या मोठ्यांनी सोबत बसून ठरवावं या हिशेबाने. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर तर यूए मध्येसुद्धा 7, 13 आणि 16 अशा वयाच्या पायऱ्या आल्या. बघणं वेगळं आणि महिनाभर रोज दोन तास त्याच ओळींवर अंग घुसळणं वेगळं.

हे महिनाभराचं प्रकरण कुणी मोजतच नाही. गॅदरिंगच्या दिवशी नाच साडेतीन मिनिटांचा असतो, पण सराव डिसेंबरभर चालतो. तालमीच्या हॉलमध्ये एकदा शांतपणे मागे बसून बघ. बाहेरून आणलेला कोरिओग्राफर बहुधा विशी-पंचविशीचा पोरगा असतो, कष्टाळू असतो, पण त्याच्याकडे स्टेप्सचा एक ठरलेला संच असतो. तो लग्नाच्या संगीतातही तोच वापरतो आणि शाळेतही. हात कमरेवर, मान तिरकी, खालचा ओठ दाताखाली, डोळा बारीक. ‘एक्स्प्रेशन दे, एक्स्प्रेशन!’ म्हणून तो ओरडतो आणि ती पोरगी गोंधळून शेजारणीकडे बघते, कारण कसलं एक्स्प्रेशन हे तिला ठाऊकच नाही. तिथे तुझं काम आहे. गाणं साधं असलं तरी स्टेप्सनी त्याची वाट लागते, हे मी वारंवार पाहिलंय. त्याला पहिल्याच दिवशी सांग: डोळा मारणं नाही, ओठ चावणं नाही, जमिनीवर लोळणं नाही, आणि कपडे ठरवताना बाई सोबत असतील. पोटऱ्या-पाठ उघडी टाकणारे भाड्याचे ड्रेस जानेवारीच्या थंडीत घालायला लावणं हा तर निव्वळ छळ आहे.

हे माझ्या एकटीच्या डोक्यातलं खूळ समजू नकोस. 2019 च्या जूनमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खाजगी वाहिन्यांना याच विषयावर सूचनापत्र काढलं होतं. डान्सच्या रिअॅलिटी शोमध्ये लहान मुलांना चित्रपटांतल्या मोठ्यांच्या सूचक हालचाली करायला लावतात, ते वयाला शोभणारं नाही, संयम ठेवा, असा त्याचा मथितार्थ. ते वाहिन्यांसाठी होतं, शाळांसाठी नाही. पण एखाद्या हट्टी पालकासमोर ठेवायला फार उपयोगी पडतं.

आता लावणीचं. इथे तुझी खरी परीक्षा आहे, कारण ‘नटरंग’ 2010 साली आला तेव्हापासून ‘वाजले की बारा’ आणि ‘अप्सरा आली’ यांच्याशिवाय कित्येक शाळांचा कार्यक्रम पुरा होत नाही. लावणी घाणेरडी आहे असं चुकूनही म्हणू नकोस. ते खोटं आहे, आणि ज्या बायकांनी ती कला पोटाला चिमटा घेऊन जपली त्यांचा अपमान आहे. पण ती जाणत्या स्त्रीने जाणत्या प्रेक्षकासमोर करायची अदाकारी आहे. रात्र झाली, घरी सोडा म्हणणारी ती विनवणी फडावरच्या नर्तकीची, तिच्यात मुद्दाम ठेवलेलं लाडिक आव्हान. चौथीतली मुलगी ते करते तेव्हा ती लावणी राहत नाही आणि बालगीतही होत नाही. नऊवारी आणि ढोलकी हवीच असेल तर गोंधळ घे. ‘जोगवा’तलं ‘लल्लाटी भंडार’ अंगात वीज भरतं. ‘मी डोलकर’ तर आहेच. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, आणि होडीभर पोरं एका वेळी स्टेजवर मावतात. ज्या वर्गातली सत्तर पोरं घ्यायचीच आहेत असा हुकूम असतो, त्या वर्गाला कोळीगीतासारखा तारणहार नाही.

‘झिंगाट’बद्दल तू विचारशीलच. माझं मत जरा ढिलं आहे, आधीच सांगते. दहावीच्या निरोप समारंभात, मुलं-मुली सगळी मिळून, आपापल्या कपड्यांत उड्या मारणार असतील तर मारू देत. उतावळ्या प्रेमात पडलेल्या पोराचं ते गाणं आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी प्रेम हा शब्द त्यांना आपल्याकडून शिकायचा नसतो. प्रेमगीत आलं की नाक मुरडणाऱ्या बायांपैकी तू होऊ नकोस. पण तेच गाणं बालवाडीला देऊन, मिशा काढून, छोट्या ‘परशा’ला छोट्या ‘आर्ची’च्या मागे धावायला लावतात ना, ते नको. तिथे गाणं मुलांचं नसतं, मोठ्यांना गंमत वाटावी म्हणून मुलं वापरलेली असतात.

तुझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तेव्हा आठवी-नववीची पोरं इंग्रजी गाण्यांची यादी घेऊन येणार. तिथे आपण मोठे जास्त फसतो, कारण आपण चाल ऐकतो आणि शब्द सोडून देतो. ‘शेप ऑफ यू’ शाळांच्या समारंभात सर्रास वाजतं. बारमध्ये भेटलेल्या दोघांचं ते गाणं थेट अंथरुणापर्यंत जातं. ‘डेस्पासीतो’ स्पॅनिश, म्हणून कुणाला काही कळत नाही. मलेशियात सरकारी रेडिओ-टीव्हीने ते 2017 मध्ये शब्दांवरूनच बंद केलं होतं. आणि ती गोड शीळ असलेलं ‘पम्प्ड अप किक्स’! बंदूक घेऊन इतर मुलांवर उठलेल्या एका पोराच्या डोक्यातलं ते गाणं आहे. शाळेच्या मैदानावर ते वाजवायचं म्हणजे कमाल आहे.

अॅपवर गाण्यापुढे छोटा ‘ई’ दिसतो, त्याच्यावर फार विसंबू नकोस. त्या खुणेचा उगम अमेरिकेतला. टिपर गोर नावाच्या बाईंनी मुलीसाठी आणलेल्या प्रिन्सच्या अल्बममधलं एक गाणं ऐकलं आणि हादरल्या. 1985 मध्ये प्रकरण सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेलं आणि पुढे कॅसेटींवर पालकांसाठी सूचनेचं लेबल आलं. आज ती खूण गाणं काढणारी कंपनीच लावते, आणि आपल्याकडच्या हिंदी-मराठी गाण्यांवर ती क्वचित दिसते. ‘क्लीन व्हर्जन’चंही तसंच. त्यात शिवीच्या जागी आवाज बंद होतो, विषय तसाच राहतो. त्यापेक्षा गाण्याचे शब्द छापून घे आणि व्हिडिओ न बघता शेवटपर्यंत वाच. मधलं रॅप तर नक्की वाच, कारण सगळी घाण तिथेच लपलेली असते. इंग्रजीत घ्यायचंच तर ‘झूटोपिया’तलं शकिराचं ‘ट्राय एव्हरीथिंग’ घे, पडून पुन्हा उठण्याचं गाणं आहे. किंवा फॅरेल विल्यम्सचं ‘हॅपी’. दोन्हींवर पोरं मनसोक्त नाचतात.

नाहीतर होतं काय, की घाबरून लोक सगळी देशभक्तीची गाणी घेतात. पाच वर्ग, पाच तिरंगे, पाच वेळा सीमेवरचा जवान शहीद. पोरं कंटाळतात, पालक जांभया देतात. स्वच्छ म्हणजे बेचव असं कुठेय? ‘नाच रे मोरा’ 1953 चं आहे, ‘देवबाप्पा’तलं, गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशाबाईंचा आवाज. अजून लहान मुलं ते पहिल्या ठेक्याला उचलतात. ‘मासूम’मधली ‘लकडी की काठी’ आहे. ‘तारे जमीन पर’चं ‘बम बम बोले’ तर वर्गातल्या धांगडधिंग्यासाठीच लिहिलंय. क्रीडादिनाला ‘चक दे इंडिया’ कुणाला नको असतं?

नकार देताना मात्र मुलांना घाण वाटू देऊ नकोस. पोरींनी एखादं गाणं मनापासून आणलेलं असतं, त्यांना त्यातला ठेका आवडलेला असतो. ‘शी, असलं गाणं आवडतं तुम्हाला?’ असं म्हणालीस की संपलं. पुढच्या वेळी त्या तुझ्याकडे येणारच नाहीत. मोठ्या वर्गाला सरळ शब्दांचा कागद दे आणि म्हण, वाचा, आणि प्रार्थनेनंतर माइकवर अर्थ कोण सांगेल ते ठरवा. निम्मी गाणी त्या स्वतःच मागे घेतात. लहानांना कारण सांगत बसू नकोस, दुसरं गाणं दोनदा मोठ्याने लाव, पहिलं विसरतात.

बाकी किरकोळ. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच प्रेक्षक असतील तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात सूट आहे. पण तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात की ती सूट मागे राहते. मुलींचे नाच असे सगळ्या जगासाठी टाकूच नयेत, हे माझं वेगळं म्हणणं. गाणी पेनड्राइव्हवर, कापून, नाव घालून ठेव. साउंडवाल्याला ऐनवेळी नेटवरून लावू देऊ नकोस, नाचाच्या मध्ये जाहिरात वाजते आणि तो स्वतःच्या मर्जीने रिमिक्स लावतो तो आणखी निराळा.

आणि यादी दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांच्या सहीने बंद कर. डिसेंबरात एकदा कोरिओग्राफरने स्टेप्स बसवल्या आणि ड्रेसचा अॅडव्हान्स गेला, की मग गाणं बदलायला कुणीही तयार होत नाही.