मोह : नाव बदनाम, झाड कामाचं!

सुट्टीहून येताना मी सुरगाण्याहून मोहाची वाळलेली फुलं होस्टेलवर आणली. डबा उघडताच पहिला प्रश्न, "काय रे, दारू गाळणार का?" सगळे हसले, मीही हसलो. पण आमच्या घरी हे फूल म्हणजे आधी खाणं. म्हणून हा लेखप्रपंच!

मोहाचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. मधुका या प्रजातीत शंभराहून अधिक जाती असून त्या भारतापासून न्यू गिनीपर्यंत आढळतात. आपला चिकूही याच कुळातला.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. आजी अंधारातच टोपली घेऊन निघते. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. ती भाजून, शिजवून खातात. पावसाळ्यात कणगीचा तळ दिसू लागला की हाच आधार. बियांचे तेल घरात स्वयंपाकाला आणि दिव्याला, तर कारखान्यात साबणाला लागते. पेंडीत सॅपोनिन असल्याने ती गुरांना तशीच घालत नाहीत, शेतात खत म्हणून टाकतात.

आता थोडी केमिस्ट्री. यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनवते. साखर द्राक्षातली की मोहातली, हे यीस्ट विचारत नाही. कायदा मात्र विचारतो! 1892 च्या मुंबई मोहरा कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुले बाळगण्यावरच बंधने आणली. द्राक्षासाठी राज्याने 2001 मध्ये वाइन धोरण आणले आणि नाशिकचे नाव झाले. मोहफुलांवरचे निर्बंध उठायला मात्र 2021 उजाडले. म्हणजे आजीची टोपली इतकी वर्षे संशयातच राहिली.

दारूचे दुष्परिणाम मी गावात पाहिलेत, त्याची बाजू मी घेत नाही. पण बंदी उठली म्हणून आजीच्या हातात चार पैसे जास्त पडतील असे नाही. फुले मातीत पडतात, ओलसर राहिली तर बुरशी धरतात आणि व्यापारी भाव पाडतो. फुले नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्यात मोहाची रोपंही जळतात, मग पुढच्या पिढीला झाड कुठून मिळणार?

यावर उपाय अवघड नाही. झाडाखाली जमिनीपासून थोडी वर जाळी बांधायची आणि फुले साध्या सोलर ड्रायरमध्ये वाळवायची. आपण प्रोजेक्टसाठी विषय शोधत शहरभर फिरतो, हा तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

येत्या मार्चमध्ये मी आजीच्या झाडाखाली जाळी बांधणार आहे. ड्रायरचे डिझाइन कोण करतंय? जेवण आमच्याकडे!