पिकअप गाडीच्या टाकीचे झाकण : स्वस्त परंतु योग्य कसे निवडावे?

भाजीपाला, दूध व फळे वेळेवर बाजारात पोहोचविण्यासाठी आज अनेक शेतकरी पिकअप गाडी बाळगतात. इंजिनाची व टायरांची काळजी ते घेतात. परंतु इंधनाच्या टाकीचे झाकण हरवले, तर त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. झाकण बहुधा डिझेल भरताना पंपावरच राहते. मग टाकीच्या तोंडात फडके कोंबून महिनोन्महिने काम भागविले जाते.

जुन्नर तालुक्यातील एका टोमॅटो उत्पादकाने असेच केले होते. श्रावणात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी पहाटे साठ क्रेट भरून गाडी नारायणगावच्या बाजाराकडे निघाली आणि वाटेतच बंद पडली. फिल्टर उघडून पाहता त्यात पाणी आढळले. दुसरी गाडी मिळेपर्यंत लिलाव आटोपला होता.

झाकणाची कामे : झाकण धूळ व पाणी टाकीत जाऊ देत नाही, तसेच इंधन हिंदकळून बाहेर सांडू देत नाही. डिझेल इंजिनाच्या पंपातील व नोझलमधील भाग एकमेकांत अतिशय घट्ट बसविलेले असून डिझेल हेच त्यांचे वंगण होय. पाण्याने ते गंजतात व धुळीने झिजतात. झाकणाचे तिसरे काम सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. इंधन खर्च होईल तसतशी टाकीत हवा शिरली पाहिजे. पुष्कळ गाड्यांत ही सोय झाकणातच असते. तेथे बिनछिद्राचे झाकण बसविल्यास टाकीत पोकळी निर्माण होऊन इंजिनास इंधन कमी पडते. उलटपक्षी, पेट्रोल गाडीस उघड्या छिद्राचे झाकण लावल्यास पेट्रोलची वाफ उडून जाते व आगीचा धोका वाढतो.

खरेदी कशी करावी : प्रथम पंपावर चौकशी करावी. झाकण शाबूत असून केवळ रबरी वायसर चिरला असेल, तर वायसरच बदलावा. तो इंधनास टिकणाऱ्या नायट्राईल रबराचा असावा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा डिझेलने फुगतो. नवे झाकण घ्यावयाचे झाल्यास नोंदणीपुस्तकातून गाडीचा नमुना व उत्पादनाचे वर्ष टिपून घ्यावे आणि टाकीच्या तोंडाचा आतील व्यास फूटपट्टीने मोजावा. तोंडास आटे आहेत की खाचा, हेही पाहावे. शक्य तर गाडीच दुकानी न्यावी. मूळ कंपनीच्या झाकणापेक्षा इतर उत्पादकांचे झाकण बहुधा स्वस्त पडते. ते नेमके बसत असेल व हवेची सोय मूळ झाकणासारखीच असेल, तर घेण्यास हरकत नाही. मोडीच्या बाजारातील त्याच नमुन्याचे जुने झाकणही चालते. मात्र त्यास नवा वायसर घालावा. कुलूप असलेल्या झाकणाने डिझेलच्या चोरीसही आळा बसतो.

बसविल्यानंतर : टाकी भरून गाडी चढावर उभी करावी व तोंडाभोवती ओल येते काय ते पाहावे. अर्धा तास चालविल्यावर इंजिन मंद पडू लागले आणि झाकण सैल करताच हवा जोराने आत ओढली जाऊन इंजिन पूर्ववत झाले, तर झाकणातील हवेचा मार्ग बंद आहे असे समजावे. असे झाकण त्वरित बदलावे. पूर्वी फडके लावले असल्यास फिल्टरखालील स्क्रू सैल करून पाणी काढून टाकावे. पाणी फार निघाल्यास इंजिन सुरू न करता टाकी मेकॅनिककडून साफ करून घ्यावी.

शेवटी, नवे झाकण लहान साखळीने गाडीस बांधून ठेवावे. पंप व नोझल यांच्या दुरुस्तीस लागणारा पैसा झाकणाच्या किमतीच्या कित्येक पट असतो, आणि चुकलेला बाजार तर कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.